एका पोरीची पहिली

हत्तरवाडीच्या शाळेत बदली झाली तेव्हा अयोध्या मॅडमना सांगितलं होतं, की पहिली आणि दुसरी हे दोन वर्ग तुमच्याकडे. प्रत्यक्षात त्या वर्षी दुसरीत कुणीच नव्हतं आणि पहिलीत एकच मुलगी होती.

गाव काही ओसाड नव्हतं. उमरग्याहून कर्नाटकाच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाटा, फाट्यापासून आत अर्ध्या तासाची चाल, वाटेच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर. घरं भरपूर होती, घरांत पोरंही होती. पण रोज सकाळी बसवण्णाच्या देवळापाशी एक पिवळी व्हॅन येऊन थांबायची आणि टाय बांधलेली पोरं भरून उमरग्याच्या इंग्रजी शाळेला घेऊन जायची. व्हॅन गेली की गावात एकदम शांत व्हायचं. उरलेली पोरं गावच्या शाळेत यायची. सगळे वर्ग मिळून ती डझनभरही भरत नव्हती.

तिसरी आणि चौथी मुख्याध्यापक शंभुलिंग सरांकडे. सर त्याच भागातले, घरी कन्नड बोलणारे, स्वभावाने मोकळे. पहिल्याच दिवशी ते मॅडमना म्हणाले, "एका पोरीपायी दुसरी खोली कशाला उघडता? माझ्या वर्गात बसवू की एका कडेला. तुम्हालाबी सोबत होईल."

"पहिलीचं लेकरू कडेला बसवून चालत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "त्याला सगळं पहिल्यांदाच बघायचं असतं."

सरांनी हसून किल्ली त्यांच्या हातात दिली.

खोली मोठी होती. भिंतींवर कुणीतरी कधीकाळी रंगवलेले हत्ती, मोर आणि आगगाडी. खाली एकामागे एक अंथरायच्या लांब बसकरपट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या. मॅडमनी त्यातली एक काढली, झटकली आणि फळ्यासमोर टाकली. बाकीच्या तशाच राहू दिल्या.

सोबतीची गोष्ट सरांनी सहज काढली होती, पण अयोध्या मॅडमना सोबत नसण्याची सवय जुनी होती. त्या मूळच्या येरमाळ्याच्या. वडील येडेश्वरीच्या पायऱ्यांजवळ नारळ, खण, हळदकुंकू विकायचे. पोरगी हुशार म्हणून त्यांनी तिला डीएडला घातलं आणि नोकरी लागल्यावर लग्न करून दिलं. नवरा अमरसिंह एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. कमी बोलणारा, बायकोच्या शाळेतल्या पोरांसाठी घरी बसून पत्र्याची खेळणी करणारा माणूस. सात वर्षांच्या संसारानंतर तो काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. सासरची माणसं वाईट नव्हती, पण वर्ष उलटल्यावर त्यांच्याकडे जायला काही कारणच उरलं नाही.

तेव्हा भावाने, ज्ञानोबाने, आपली थोरली मुलगी राजेश्वरी त्यांच्याकडे आणून सोडली. पोरगी सहा वर्षांची होती. "तुझ्याजवळ राहील, शिकंल," तो म्हणाला. "आमच्याकडं दुकानात नुसती पायात पायात करती." अयोध्या मॅडम तेव्हा जळकोटच्या बाजूच्या एका शाळेत होत्या. हायवेवरच्या एका खोलीत आत्या आणि भाची राहू लागल्या. राजेश्वरीची पहिलीही त्यांच्याच वर्गात झाली. बारा वर्षं त्यांनी तिला वाढवली. तिच्या वेण्या घातल्या, तिला दहावीला जागवलं, ताप आला तर पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं. बारावी झाली तसा ज्ञानोबा आला आणि म्हणाला, "आपल्या पोरीला पुण्याचं स्थळ आलंय." त्यातल्या 'आपल्या' या शब्दावर मॅडम बराच वेळ अडकल्या होत्या. लग्नात आईच्या जागी वहिनी बसली, ते रीतीला धरूनच होतं. मॅडम आहेर देणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या, नवऱ्या मुलाला टॉवेल-टोपी दिली आणि खाली उतरल्या.

त्यानंतर राजेश्वरीचा फोन आधी रविवारी यायचा, मग सणावारी. पोरगी सुखात होती. आत्याला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं.

हत्तरवाडीला आल्यावर त्यांनी उमरग्यात एक खोली घेतली. खालच्या अंगाला टायरचं दुकान आणि समोर सोलापूर-हैदराबाद रस्ता. शाळेतून आलं की एक भाकरी, थोडी भाजी. एका माणसाच्या स्वयंपाकाला वेळ लागत नाही, आणि मग संध्याकाळ लांबते.

पहिलीतल्या त्या एकट्या मुलीचं नाव शिवप्रिया. तिला तिची आजी इरम्मा हाताला धरून घेऊन आली. कपाळाला विभूती लावलेली, पाठीत वाकलेली म्हातारी. पोरगी तिच्या पदराआडून बाहेर यायला तयार नव्हती. इरम्मा म्हणाली, "मॅडम, हिला मराठी येत न्हाय. घरात कुणी बोलतच न्हाय तर येणार कसं? तुमीच शिकवा."

"आणि मला कन्नड येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग बसा दोघी गप," म्हातारी म्हणाली आणि पहिल्यांदा थोडीशी हसली.

आणि झालंही तसंच. जून गेला, जुलै गेला, शिवप्रिया वर्गात एक शब्द बोलली नाही. बसायची मात्र न चुकता, पट्टीच्या अगदी मधोमध, पाटी मांडीवर घेऊन. मॅडम फळ्यावर उभ्या रेषा काढायच्या, ती पाटीवर उभ्या रेषा काढायची. मग आडव्या, तिरप्या, मग गोल. तिचे गोल लवकर जमले. गोलाला शेपूट जोडलं की ग होतो, हेही तिला उमगलं. पण ग म्हण म्हटलं की ओठ घट्ट मिटून खाली बघायची.

मॅडमनी आयुष्यभर पहिलीच शिकवली होती, पण पहिली शिकवायला किती पोरं लागतात हे त्यांना आत्ता कळत होतं. रांगेत तुझ्या पुढं कोण उभं आहे, मागं कोण आहे, हे शिकवायचं तर रांग पाहिजे. लहान-मोठा शिकवायला दोन पोरं पाठीला पाठ लावून उभी करावी लागतात. शेजारच्या मित्राला त्याचं नाव विचारा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बडबडगीत तर एकट्याने म्हणताच येत नाही, म्हणणारं लेकरू मध्येच थांबून सगळ्यांकडे बघतं आणि सगळे म्हणत असतात म्हणून ते पुढे म्हणतं. इथे सगळे म्हणजे कुणी नव्हतं.

म्हणून मॅडम पट्टीवर शिवप्रियाच्या शेजारी बसू लागल्या. पहिल्या दिवशी पोरगी दचकून सरकली. मॅडमनी आपली पाटी काढली, फळ्यावरचा म पाटीवर काढला आणि मुद्दाम वाकडा काढला. शिवप्रियाने तो पाहिला. मग बोटाने पुसून नीट काढून दिला.

"असं व्हय," मॅडम म्हणाल्या.

खिडकीतून जाणाऱ्या शंभुलिंग सरांनी हा वर्ग पाहिला. शिक्षकाची खुर्ची रिकामी, फळ्यासमोर कुणी नाही आणि खाली दोन विद्यार्थिनी. ते पुढे गेले.

तिचा पहिला शब्द आला तो भांडणाचा होता. ऑगस्टात. पुस्तकातल्या आ च्या पानावर साडी नेसलेल्या एका तरुण बाईचं चित्र होतं. मॅडमनी चित्रावर बोट ठेवलं. "आ. आईचा आ. ही कोण? आई."

शिवप्रियाने मान हलवली. नाही.

"आई," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

"आई अल्ल," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा जाड होता. "अव्वा."

मॅडमना वाटलं, पोरीला शब्द समजलेला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं तशी शिवप्रियाने पुस्तक मिटून टाकलं, आणि शाळा सुटेपर्यंत उघडलं नाही.

इरम्मा न्यायला आली तेव्हा मॅडमनी तिला विचारलं. म्हातारी व्हरांड्याच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "तिचं चूक न्हाय, मॅडम. आमच्यात आजीला आई म्हणतेत. म्या तिची आई. आन तुमची जी आई, ती आमची अव्वा. चित्रातली बाई तरणीये, मग ती आई कशी आसंल?"

"आणि तिची अव्वा?"

इरम्माने आधी पोरीकडे पाहिलं. ती हापशाजवळ खडे वेचत होती. मग ती हलक्या आवाजात बोलली. मुलगा महांतेश ट्रक चालवायचा, हैदराबाद लाइनवर. पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. सुनेचं आणि त्याचं पटलं नाही. दोन वर्षांमागे ती माहेरी गेली, तिकडे बसवकल्याणच्या बाजूला. जाताना पोरीला न्यायला निघाली होती, पण महांतेशने पोर दिली नाही. तिकडून कुणी आलं नाही, इकडून कुणी गेलं नाही. "पोरगी इचारायची आधी. आता इचारत न्हाय," इरम्मा म्हणाली.

त्या दिवसापासून मॅडमनी त्या पानावर मराठीत आई आणि कन्नडात अव्वा, दोन्ही म्हणायला सुरुवात केली. शिवप्रिया ते मान्य करायची. मग तिला आणखी एक गंमत सापडली, की मॅडमना येत नाही असं पुष्कळ काही आहे. पाण्याला नीर, भाकरीला रोट्टी, ये म्हणायला बा. ती एकेक शब्द सांगायची आणि मॅडम चुकल्या की वाट बघत थांबायची, रागवायची नाही. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. एक, दोन, तीन, चार, पाच. एकीने इकडून मोजायचं, दुसरीने तिकडून. दिवाळीपर्यंत दोघींची एक मिश्र भाषा झाली, ती त्या खोलीबाहेर कुणाला पूर्ण कळली नसती.

वारांची नावं झाली, डावं-उजवं झालं, ग म भ न वरून काना-मात्रेपर्यंत गाडी आली. बेरीज तर तिने खेळता खेळता घेतली. मॅडमनी चिंचोके आणले होते. हे तीन, हे दोन, सगळे मिळून किती? ती बोट लावून मोजायची आणि पाच म्हणताना खूश व्हायची.

अडलं ते वजाबाकीला.

मॅडमनी पाच चिंचोके मांडले, त्यातले दोन उचलून मुठीत धरले. "पाचातून दोन गेले. किती राहिले?"

शिवप्रियाने मॅडमची मूठ उघडली, दोन चिंचोके काढून परत रांगेत ठेवले. "पाच."

पुन्हा मांडले, पुन्हा काढले. मूठ पाठीमागे नेली, तर ती उठून पाठीमागे आली. डब्यात टाकले तर तिने डबा उघडला. "एल्लि होदवु?" ती विचारायची. कुठं गेले? मॅडमनी तिला पाटीवर रेघा मारून खोडायला सांगितलं, तर खोडलेल्या रेघा तिने पुन्हा गिरवल्या. चार-पाच दिवस असं चाललं. पहिलीतल्या पोरांना वजाबाकी उशिरा येते, यात नवीन नव्हतं. पण हिला येत नव्हती असं नाही, ती करू देत नव्हती.

सहाव्या-सातव्या दिवशी मॅडमनी दोन चिंचोके उचलले आणि दोघींना दिसतील असे खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले. "हे दोघे उमरग्याला गेले," त्या म्हणाल्या.

शिवप्रियाने खिडकीकडे पाहिलं. "कामून गेले?"

"बाजाराला."

"येतेत?"

"काही येतेत. काही तिथंच राहतेत. पण आहेत तिथं. दिसतेत न्हवं?"

बाहेर तिसरी-चौथीची पोरं पाढे म्हणत होती. मग तिने समोरच्या चिंचोक्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथं तीन. उमरग्याला दोन."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या, आणि फळ्याकडे तोंड करून उगीच आधीच पुसलेला फळा पुसू लागल्या.

त्यानंतर ती सगळ्या वजाबाक्या करू लागली. लिहिताना नुसतं उत्तर लिहायची, बोलताना मात्र गेलेले कुठे आहेत तेही सांगायची. कधी उमरग्याला, कधी शेताला, कधी सोलापूरला. जानेवारीत केंद्रप्रमुख, म्हणजे त्या भागातल्या शाळा बघणारे साहेब, तपासणीला आले. एवढ्या मोठ्या खोलीत एक मुलगी बघून तेही जरा घुटमळले. मग तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "बाळ, नवातून चार गेले. किती राहिले?"

तिने बोटांवर केलं. "पाच राहिले. चार लातूरला हायत."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "लातूरला?"

"गेलेल्यांचं सांगितल्याशिवाय तिला पुढं जाता येत नाही, साहेब. लिहिते बरोबर."

साहेबांनी पाटी बघितली. सगळी गणितं बरोबर होती. ते उठले, पँट झटकली आणि दाराशी जाऊन थांबले. "माझी एक पोरगी हैदराबादला असती," ते म्हणाले. शेरा चांगला दिला.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर मॅडमना वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. त्यांनी राजेश्वरीला फोन लावला. तिकडे भांड्यांचा आवाज होता, पाहुणे आले होते. "आत्या, बरी आहेस ना? मी करते तुला निवांत," ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "कर, कर. काही विशेष नाही." रस्त्यावरून ट्रक जात होते. त्यांनी पोळपाट धुऊन भिंतीला टेकवला आणि थोडा वेळ गॅलरीत उभ्या राहिल्या.

महाशिवरात्र झाली आणि मागोमाग एका सकाळी शिवप्रिया पळत शाळेत आली. इरम्मा मागे राहिली होती. पोरगी दारातूनच म्हणाली, "मॅडम, अव्वा बंदाळ." अव्वा आलीय. एवढं सांगून ती पट्टीवर बसली नाही, खोलीभर फिरत राहिली. हत्तीला हात लावला, आगगाडीला लावला.

दुपारी तिची आई शाळेत आली. शिवरंजनी नाव. पंचविशीची, सडपातळ, हातात पोरीसाठी आणलेला नवा फ्रॉक. व्हरांड्यात उभं राहून तिने मोडक्या मराठीत सांगितलं. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून बोलणी केली होती. महांतेश ट्रक सोडणार होता. सासऱ्यांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, आडत दुकानात त्याला काम मिळणार होतं. तिघं आता बसवकल्याणलाच राहणार. शाळेचा दाखला पाहिजे होता.

"तिथं कन्नड शाळा आहे?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. घराजवळच."

"मग बरं झालं," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पोरीला तिची अव्वा मिळाली होती, आणि ती ज्या भाषेत झोपेत बोलते त्या भाषेत आता शिकणार होती. यात खंत करण्यासारखं काही शोधूनही सापडत नव्हतं. तरी शंभुलिंग सर आतल्या कपाटातून दाखल्याचा कागद शोधत होते, तेव्हा मॅडमना वाटलं, आज तो सापडू नये.

शिवरंजनी पोरीकडे बघून हळूच म्हणाली, "मला वाटलं, मला ओळखंल का न्हाय. आली की गळ्यातच पडली." मग विचारलं, "इथं रडायची का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "रडली नाही कधी."

जाताना शिवप्रियाने पाटी पिशवीत घातली आणि चिंचोक्यांचा डबा मॅडमना परत दिला. आईचा हात धरून ती फाटकापर्यंत गेली, तिथून वळून म्हणाली, "मॅडम, तुमी बी या." सहा वर्षांच्या लेकराला अंतर कळत नाही. मॅडम म्हणाल्या, "येते." आणि ती गेली. पुन्हा वळून बघायचं तिला काही कारण नव्हतं, आई शेजारी होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खोलीचं कुलूप काढलं. पट्टी झटकली, अंथरली, मग गुंडाळून इतरांबरोबर ठेवली. सर म्हणाले, "या आता इकडंच." मग त्या तिसरीच्या पोरांना मराठी शिकवू लागल्या. पोरं चांगली होती. पण त्यांना सगळं थोडंथोडं आधीच माहीत होतं.

इरम्मा मात्र शाळा सुटायच्या वेळेला येतच राहिली. पहिल्यांदा आली तेव्हा चूक झाली असावी, सवयीने पाय वळले असतील. व्हरांड्याशी येऊन ती थबकली, मग पायरीवर बसली. मॅडम बाहेर येऊन तिच्याशेजारी बसल्या. तशा त्या दोघी रोजच बसू लागल्या. कधी म्हातारी पदरातून भाजलेल्या शेंगा काढायची. एकदा मॅडम म्हणाल्या, "तुम्हालाही बोलावलं असेल की त्यांनी, आज्जी. जायचं ना."

"बलावलं," इरम्मा म्हणाली. "पण सुनंच्या माहेरात सासूनं जाऊन ऱ्हायचं व्हय? चार दिवस जाईन, बघून यीन." आणि शेंगेचं टरफल बोटाने चिरत म्हणाली, "पोरगी फोनवर बोलती. कन्नडच बोलती. पण दोन म्हणायचं आसलं की दोन म्हणती, एरडु म्हणत न्हाय. तिची अव्वा हासती."

शाळेची घंटा लोखंडी पट्टीची होती, तिच्यावर वाऱ्याने काहीतरी आपटत होतं. उन्हं उतरेपर्यंत दोघी तिथंच होत्या. मग मॅडम फाट्याकडे निघाल्या आणि इरम्मा घराकडे.

मे महिन्यात बदलीचा आदेश आला. तीन वर्षांपासून त्या आपल्या भागाकडे बदली मागत होत्या आणि आता ती मिळाली होती, येरमाळ्याजवळच्या एका मोठ्या शाळेत. सर म्हणाले, "घरी चालला, मॅडम. पेढे पाहिजेत." मॅडमनी उमरग्याहून पेढे आणले. इरम्माला द्यायला तिच्या घरी गेल्या. दोन खणांचं घर, कोनाड्यात देव, दोरीवर एक छोटा फ्रॉक वाळत होता. तो अंगाला घट्ट होतो म्हणून मागे राहिलेला. म्हातारीने धुऊन टाकला होता.

पेढा हातात धरून इरम्मा म्हणाली, "तुमी बी निघाला व्हय."

"आदेश आलाय, आज्जी."

"बरं. जावा." तिने पेढ्याचा तुकडा मोडला, अर्धा मॅडमना दिला, अर्धा स्वतः खाल्ला. "गावात तुमचं कोण हाय?"

"भाऊ आहे."

"मग बरं हाय," इरम्मा म्हणाली. काही महिन्यांपूर्वी शिवरंजनीला मॅडम असंच म्हणाल्या होत्या, त्याच आवाजात. दोघी उंबऱ्याशी आल्या. मग म्हातारीने मॅडमच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली आणि त्या निघाल्या.

येरमाळ्यात ज्ञानोबा म्हणाला, "घर आपलंच हाय, वेगळी खोली कशाला?" पण घरात त्याचा मुलगा, सून, नातू असा गोतावळा होता. मॅडमनी देवळाकडे चढणाऱ्या रस्त्यावर एक खोली घेतली. माहेरचं गाव, पण ओळखीचे चेहरे फार थोडे उरले होते. पायऱ्यांजवळ वडिलांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान होतं. रस्त्याने जाताना कुणी हाक मारली तर ती मॅडम म्हणून, अयोध्या म्हणून नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिलीत तीसेक पोरं होती. निम्मी रडत होती, एक पोर सारखं दाराकडे पळत होतं, एकाने दप्तरातला डबा कधीच उघडून खायला सुरुवात केली होती. दोन आया खिडकीला तोंड लावून उभ्या. मॅडमच्या कानाला इतक्या आवाजाची सवय राहिली नव्हती. त्यांनी नावं विचारली, ती लगेच विसरायला झाली. त्यांनी उभी रेष काढून दाखवली, पाठीमागे कुणी बघत होतं की नाही ते कळेना. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. बोलणं आधीच चाललेलं होतं, ते पुढे चालू राहिलं. मॅडम ऐकत बसल्या.

सुट्टीनंतर त्या फळ्याकडे वळणार तेवढ्यात एक मुलगी उठून त्यांच्याजवळ आली. नाक पुसत, साडीचा काठ धरून म्हणाली, "मॅडम, त्यानं माझ्या जागेवर पाय ठिवला."

मॅडमनी खडू खाली ठेवला. गेल्या वर्षी त्यांच्या पहिलीत कुणी कुणाची तक्रार केली नव्हती. करायला दुसरं कुणी नव्हतंच.

"कुणी?" त्यांनी विचारलं. "दाखव बरं."

मुलीने बोट दाखवलं. तो पोरगा लगेच उभा राहिला आणि म्हणाला, की आधी तिनंच त्याची पाटी ढकलली. तिसऱ्याने सांगितलं, की दोघंही खोटं बोलतेत. मॅडम त्या रांगेपाशी जाऊन खाली बसल्या. गुडघे दुखले. त्यांनी तिघांचंही पूर्ण ऐकून घेतलं, कुणालाही न तोडता, आणि कुणाचा पाय कुठपर्यंत आला होता ते पट्टीवर बोटाने रेघ ओढून विचारलं. बाकीची पोरं रडायची थांबून बघत होती.

"तुझं नाव काय?" त्यांनी त्या मुलीला पुन्हा विचारलं.

"तुळजा," ती म्हणाली. "सकाळी सांगितलं न्हवं."

"सांगितलं होतंस. मी विसरले," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा सांग. सगळ्यांनीच पुन्हा सांगा, एकेकानं." आणि त्या तिथेच, पट्टीच्या कडेला बसून राहिल्या.